दहा जागा

बी.एस्सी. दुसरं वर्ष, प्राणिशास्त्र.
नव्या अभ्यासक्रमात दोन क्रेडिट जीआयएसला.
मी स्वतः ते शिकले नागपूरला, पाच दिवसांत,
त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला.

लॅबमध्ये अकरा कॉम्प्युटर, चालतात सहा,
लाइन असली तर.
सरावाच्या फायलीत कुठलंसं बंदर.
आम्हाला बंदर नाही, तलाव आहेत,
मालगुजारीतले, पार अजून शाबूत,
आणि टोल्याटोल्याला बोड्या,
ज्यांची नावं फक्त त्यात उतरणाऱ्यांना माहीत.
म्हटलं, चिचटोल्याचा तलाव घेऊ.

उपग्रहाचं चित्र उतरवायला दुपार गेली.
मग यंत्रानं रंग भरले:
धानाच्या बांध्या, रस्ता, कौलं,
आणि तलाव अर्धाच निळा.
उरलेला हिरवा. वनस्पती.
‘जलक्षेत्र निम्म्यावर’ असं मी फळ्यावर लिहितच होते,
तर खेमेश्वरी मारबते,
जी हजेरीपलीकडे कधी बोलली नव्हती:
“रान नाही होय ते, मॅडम. पोयनाची पानं होत.
खाली पानी आहे. माझा बाप रोज उतरते तिथं.”

शनिवारी गेलो. चौदा पोरं, नऊ मोबाइल.
पारावर उभं राहून मोबाइल म्हणाला,
तुम्ही रस्त्यावर आहात, चार मीटर इकडेतिकडे.
चैतराम मारबते पानं बाजूला सारत आत गेले,
थांबले, हात वर केला,
खेमेश्वरीनं काठावरून बिंदू टिपला.
घुटन्यावर. मांडीवर. कंबर.
एका ठिकाणी नुसतं डोकं दिसत होतं
आणि आमच्यातलं कोणी हसलं नाही.

सोमवारी तक्ता भरायला घेतला.
रकान्याच्या नावाला जागा दहा,
आणि आपलं एक अक्षर तीन जागा खातं.
यंत्र काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी.
‘नाव’ बसलं. ‘गाव’ बसलं.
‘गाळ’सुद्धा आरामात बसला.
तिनं टाइप केलं ‘पानी’,
मी म्हटलं, बाणातला ण.
आमचा वाद व्हायच्या आत यंत्रानं वेलांटी गाळली,
उरलं ते ‘पान’.

उपग्रह जे म्हणाला होता, तेच पुन्हा.

कोणी म्हणालं इंग्रजीत लिही,
कोणी म्हणालं ‘जल’ बसते.
“जल आमच्या घरी देवाच्या तांब्यात असते,” ती म्हणाली,
आणि ‘पान’च ठेवलं,
खाली ओळीनं भरत गेली:
घुटना, मांडी, कंबर, गळा.

प्रॅक्टिकलला बाहेरचे सर आले.
चष्मा कपाळावर चढवून विचारलं, हे एकक कुठलं?
“माझ्या बाबाचं, सर.
उंची पाच फूट दोन इंच,
घुटना सोळा इंचांवर. टिपेत लिहिलं आहे.”
ते बराच वेळ टीप वाचत बसले.
किती मार्क दिले ते सांगत नाही, निकाल लागायचा आहे.

नकाशा आता लॅबच्या दारामागे चिकटवलाय,
आत खोलीप्रमाणे निळा गडद होत जातो.
परवा चैतराम आले, पोरीच्या बसच्या पासवर सही हवी होती.
पाहत राहिले.
बोट ठेवलं सलंगेजवळ, सगळ्यात गडद जागी.
“इथं मी गेलोच नाही जी.”

खरं होतं. तिथली खोली
यंत्रानं आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाजानं भरली होती,
त्याला एक भारदस्त नाव आहे, पेपरात विचारतात.
मी ते सांगायला तोंड उघडलं.
“मंग तसा लिवा न,” ते म्हणाले,
“इथं कोनी गेला नाही म्हणून.”

पेन शोधत होते, तेवढ्यात लाइन गेली.